स्टिकर भिंतीवर, पण भिंतीला न चिकटवता

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा सहावीत आहे, त्याच्याकडे चारशेच्या आसपास स्टिकर आहेत. निम्मे अजून पाठीच्या कागदासकट, बाकीचे एका दोनशेपानी वहीत चिकटवलेले. घर ठाण्यात, भाड्याचं. मालकांनी नवा खिळा ठोकायचा नाही असं बजावलंय. मुलाला संग्रह भिंतीवर हवाय, तुम्हाला दीड हजाराच्या आत बसवायचंय, आणि अकरा महिन्यांनी घर बदललं तर तो सोबत न्यायचाय.

मी पुण्यात २२ वर्षं फ्रेमिंगचं काम करते. चित्रं, फोटो, आजीचं भरतकाम, शाळेतली पदकं, काडेपेट्यांची लेबलं, सगळं हातून गेलंय. स्टिकरचं काम मात्र वेगळंच, कारण तो एकदाच आणि कायमचा चिकटायला बनवलेला असतो. म्हणून पहिली गोष्ट सांगते, बाकीचं सगळं तिच्याभोवतीच आहे. भिंत, कपाट, लाकूड, पुठ्ठा, स्टिकर थेट कशालाही लावू नका. प्रत्येक स्टिकरला स्वतःची पातळ पाठ असू द्या. भिंतीवर जाईल ती पाठ.

हे मी घरच्याच कपाटावरून शिकले. माझ्या धाकट्या भावाने शाळेत असताना क्रिकेटपटूंचे, गाड्यांचे, कार्टूनचे स्टिकर आमच्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून लावले होते. सहा-सात वर्षांचा संग्रह होता तो. घर बदलताना कपाट भंगारात द्यायचं ठरलं, तेव्हा आदल्या रात्री तो नखाने, सुरीने, गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने ते सोडवत बसला. हाती आले अकरा, तेही कोपरे फाटलेले. सकाळी हातगाडी आली आणि दार गेलं. तो कॉलेजात होता तेव्हा, पण कपाट नेताना खोलीतून बाहेर आला नाही. आजही कुणी मुलगा स्टिकरची वही घेऊन दुकानात आला की मला ते दार आठवतं.

असं होण्याचं कारण त्या गोंदात आहे. स्टिकरचा गोंद वाळून घट्ट होत नाही, तो दाबाने चिकटतो आणि नंतर दिवसेंदिवस पृष्ठभागाच्या बारीक खाचांत पसरत राहतो. त्यामुळे लावल्यावर पाच मिनिटांत जो स्टिकर अलगद निघतो, तोच चार दिवसांनी कागदाचा थर उपटून येतो. गंमत म्हणजे सुरुवात अशी नव्हती. अमेरिकेत १९३५ साली स्टॅन्टन एव्हरी यांनी स्वतः चिकटणारी लेबलं विकायला काढली, ती दुकानातल्या भेटवस्तूंवर किंमत लावायला, आणि डाग न ठेवता निघतात हाच त्यांचा गुण म्हणून सांगितला जायचा. मुलांच्या हातात येणारे स्टिकर मात्र बहुतेक कायमचे चिकटणारेच असतात.

तर आता तुमच्या चारशेंचं बघू. आधी जमिनीवर चादर पसरून मुलाबरोबर बसा आणि तीन ढीग करा: पाठीच्या कागदासकट असलेले, वहीत चिकटलेले, आणि काढून ठेवलेले पण गोंद मेलेले. हे काम तुम्ही एकट्याने उरकू नका. कुठला आवडता, कुठला डबल, कुठला मित्राशी बदलून मिळवलेला, हे त्यालाच माहीत असतं, आणि भिंतीवर काय जायचं ते त्यावरच ठरेल.

वहीतल्या ढिगाबद्दल माझं मत ठाम आहे: ते वहीतून सोडवायला जाऊ नका. हेअर ड्रायरची मंद हवा देऊन, स्टिकर स्वतःवरच मागे दुमडत, अगदी सावकाश ओढला तर प्लास्टिकचा कधी कधी निघतो. कागदी स्टिकर दहातले आठ फाटतात. त्यापेक्षा स्टिकरभोवती तीन-चार मिलिमीटर जागा सोडून वहीचं पानच कापा. वहीच्या रेघा थोड्या दिसतील, दिसू द्या. पाठ म्हणून तो कागद चालतो, आणि स्टिकर जसाच्या तसा राहतो. एकाच पानाच्या दोन्ही बाजूंना स्टिकर असतील तर कात्री चालवण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि कुठली बाजू ठेवायची ते मुलाला ठरवू द्या. एखादं पान त्याने मनापासून सजवलं असेल, मध्ये काही लिहिलं असेल, तर ते अख्खं पानच भिंतीवर जायला हवं.

पाठीच्या कागदासकट असलेले स्टिकर तुमचं खरं धन आहे. तो गुळगुळीत कागद सिलिकॉनचा थर दिलेला असतो, म्हणूनच त्याला गोंद धरत नाही. तो फेकू नका, स्टिकरच्या मापाला कापू नका. एका शीटवर अनेक स्टिकर असतील तर प्रत्येकाच्या बाहेरून चौकोनी कापा, आकाराच्या रेषेवरून नको. म्हणजे कोपरे उचलले जात नाहीत.

नुकतेच काढलेले आणि अजून चिकट असलेले काही निघाले, तर त्यांच्यासाठी नवी पाठ फुकट मिळते. गाड्यांच्या नंबर प्लेटवर अक्षरं लावणारा रेडियमवाला प्रत्येक नाक्यावर असतो. कटिंगचं काम झालं की त्याच्याकडे हाच सिलिकॉनचा कागद हातभर लांबीचा उरतो आणि कचऱ्यात जातो. मागितला तर आनंदाने देतो. त्याच्या चकचकीत बाजूवर स्टिकर ठेवा, पुन्हा उचलता येईल. ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठी मिळायच्या त्या पारदर्शक ओएचपी शीटचाही उपयोग होतो, मोठ्या स्टेशनरीच्या दुकानात ए-फोर आकारात आजही मिळतात, एक शीट साधारण दहा-बारा रुपयांना. फरक एवढाच की ओएचपीवर स्टिकर कायमचा बसतो. पण शीट कापता येते, हलवता येते, आणि पारदर्शक असल्याने पाठ दिसतही नाही. मी दुर्मीळ स्टिकरला रेडियमवाल्याचा कागद वापरते आणि डबलना ओएचपी.

आता भिंतीवर काय टांगायचं? फ्रेम विकणारी बाई असूनही तुम्हाला आधी कापड सुचवते. तुमच्या घराला, तुमच्या खर्चाला आणि अकरा महिन्यांच्या कराराला तेच शोभतं.

सव्वा ते दीड मीटर मांजरपाट, म्हणजे जाडंभरडं सुती कापड, घ्या, ३६ इंच पन्ह्याचं. आणल्यावर गरम पाण्यात धुऊन वाळवा. हे टाळू नका. कोऱ्या मांजरपाटात खळ असते, ती कसरीला बोलावते, शिवाय पहिल्या धुण्यात कापड आटतं. मग मुलं जमवतात त्या ट्रेडिंग कार्डांसाठी मिळतात ती नऊ खणांची पारदर्शक पानं आणा. एका खणात अडीच बाय साडेतीन इंचाचं कार्ड बसतं, बहुतेक स्टिकर त्यात आरामात राहतात. आडवी तीन, उभी तीन अशी नऊ पानं कापडावर मांडली की एक्क्याऐंशी खण होतात. फाइलमध्ये अडकवायला पानाच्या डाव्या कडेला भोकांची पट्टी असते. शिवण फक्त त्या पट्टीवरून घाला आणि उजव्या वरच्या कोपऱ्यात, खणाच्या बाहेरच्या जोडावर, हाताने दोन टाके. खणाचं तोंड वर मोकळं राहायला हवं, म्हणजे मुलाला हवा तेव्हा स्टिकर बदलता येईल. शिंप्याला सांगा, टाका मोठा ठेव. बारीक टाक्याने प्लास्टिकला ओळीने भोकं पडतात आणि महिन्याभरात पान पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रेषेवर फाटतं. वर नेफा घालून त्यात पडद्याची काठी किंवा बांबू, खालच्या नेफ्यातही एक हलकी काठी, म्हणजे कापड ताठ राहील. घर बदलताना गुंडाळायचं आणि काखेत मारून निघायचं.

खर्च म्हणाल तर कापड, नऊ पानं, शिलाई, काठ्या मिळून पाचशे-सहाशेच्या आसपास. दुकानागणिक थोडा फरक पडेल.

खणात स्टिकर नुसते टाकले तर खाली सरकतात आणि तिरके होतात. म्हणून प्रत्येक खणात आधी त्या मापाचं जाड कागदाचं कार्ड घाला आणि स्टिकर त्या कार्डावर फोटो कॉर्नरने बसवा. जुन्या काळ्या पानांच्या अल्बममध्ये फोटो ज्या त्रिकोणी कोपऱ्यांनी धरलेले असायचे, तेच. पुण्यात अप्पा बळवंत चौकात अजून मिळतात, ठाण्यातही जुन्या स्टेशनरीवाल्याकडे विचारून पाहा. नाही मिळाले तर घरी होतात: एक सेंटिमीटर रुंद, चार सेंटिमीटर लांब कागदी पट्टी घ्या, मध्यावरून दोन्ही बाजू खाली दुमडा की टोकदार खिसा तयार होतो, खालची शेपटं कापून मागे चिकटवा. गोंद कार्डाला लागतो, स्टिकरला नाही. गोंद मेलेल्या तिसऱ्या ढिगालाही हाच उपाय, त्यांना नवा गोंद लावू नका. कार्डाचा रंग मुलाला निवडू द्या. मी स्वतः करड्या रंगाला पसंती देते, त्यावर भडक रंग उठून दिसतात. चांगला कागद हवा असेल आणि पुण्याला येणं होत असेल, तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत कापसाच्या चिंध्यांपासून केलेला कागद मिळतो, तो वर्षानुवर्षं पिवळा पडत नाही.

पानं विकत घेताना वास घ्या. नव्या रेनकोटसारखा उग्र वास आणि मऊ, लोळणारं प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी. त्याला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं, शाई ओढतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत स्टिकर आतून प्लास्टिकला धरतो. कुरकुर वाजणारं, वास नसलेलं पॉलिप्रॉपिलीनचं पान घ्या. फुगीर, स्पंजसारखे स्टिकर असतील तर त्यांच्यात बहुधा पीव्हीसीच असतं, म्हणून ते एकमेकांना टेकतील असे एका खणात दोन ठेवू नका.

फ्रेम एकच करा. मुलाचे अगदी जिवाभावाचे वीस-पंचवीस निवडा, ए-थ्री आकारात सुटसुटीत बसतात. पाच सेंटिमीटरचा स्टिकर धरला तर चार आडवे, सहा उभे, मध्ये बोटभर जागा. तुम्हाला दाटीवाटीने पस्तीसही बसवता येतील, पण मग डोळा कुठेच थांबत नाही. फ्रेम नवी हवी असं नाही. आमच्याकडे जुन्या बाजारात, मुंबईत चोरबाजारात जुन्या तसबिरींच्या लाकडी फ्रेम स्वस्तात मिळतात. लाकडाला वाळवीची भोकं नाहीत आणि कोपरे हलत नाहीत एवढं बघून घ्या. शेजारच्या फ्रेमवाल्याकडून काच आणि मागचा हार्डबोर्ड नवा टाकून घ्या.

आणि इथे माझी एक चूक सांगते, ती तुमच्याकडून होऊ नये. धंद्यातल्या पहिल्या वर्षी एका आजोबांनी नातवाचे स्टिकर फ्रेम करायला दिले होते. मी काच थेट स्टिकरवर दाबून बसवली, छान सपाट दिसलं. त्या पावसाळ्यात आत ओल धरली आणि चकचकीत स्टिकर काचेला असे चिकटले की काढताना तीन स्टिकरांचा रंग काचेवरच राहिला. आजोबा एक शब्दही बोलले नाहीत, म्हणून ते जास्त लागलं. तेव्हापासून काच आणि वस्तू यांच्यात हवा ठेवल्याशिवाय माझ्याकडून एकही फ्रेम गेलेली नाही. त्यासाठी माउंट बोर्डाची, म्हणजे जाड पुठ्ठ्याची, मधून मोकळी चौकट कापून घेतात. ती महाग वाटली तर तीन मिलिमीटर जाडीच्या सनबोर्डाच्या (हलक्या, कडक फोमच्या बोर्डाच्या) पट्ट्या फ्रेमच्या खाचेत, काचेच्या कडेने चारही बाजूंनी सरकवा, बाहेरून दिसत नाहीत. फ्लेक्सच्या दुकानात सनबोर्डाचे तुकडे पडलेले असतात, वीस-तीस रुपयांत भरपूर मिळतात. मागून बोर्ड बसवून बारीक चुका मारल्या की सांधा ब्राउन टेपने बंद करा. कसर आत शिरते ती त्याच फटीतून.

खिळ्याचा प्रश्न राहिला. भाड्याच्या घरात आधीच्या माणसांनी ठोकलेला कॅलेंडरचा एक तरी खिळा असतोच, कापडाची गुंडाळी त्यावर टांगता येते. खिडकीच्या पडद्याच्या रॉडला दोऱ्याने लटकवणं त्याहून सोपं, पण मग मागून ऊन येतं, ते नको. ओढून काढता येणाऱ्या चिकटपट्ट्या वापरणार असाल तर आधी भिंतीवर ओलं बोट घासून पाहा. बोटाला पांढरी भुकटी लागली तर भिंत डिस्टेंपरची किंवा चुन्याची आहे, पट्टी रंगाच्या पोपड्यासकट खाली येईल. प्लास्टिक पेंट, टाइल, सनमायका यांवर ती नीट धरते. स्पिरिटने जागा पुसा, पट्टी लावून नीट दाबा, तासभर थांबा, मग वजन द्या. काचेची फ्रेम मात्र मी पट्टीवर कधीच सोपवत नाही, विशेषतः मुलाच्या पलंगाच्या वर. तिला टेबलावर किंवा पुस्तकांच्या फळीवर भिंतीला टेकवून ठेवा. सेलोटेप आणि दुहेरी चिकटणारा फोमचा टेप भिंतीला लावूच नका; पहिला पिवळा पडून चिकट माग सोडतो, दुसरा प्लास्टरचा तुकडा घेऊन येतो.

कुठल्या भिंतीवर, हे तर त्याहून महत्त्वाचं. उन्हात राहिलेली जुनी पोस्टरं निळसर का दिसतात, पाहिलंय? छपाईतला गुलाबी आणि पिवळा रंग आधी उडतो, निळा आणि काळा टिकतो. स्टिकरचंही तेच होतं. साधी काच ऊन पुरेसं अडवत नाही. त्यामुळे पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत सोडा. इमारतीची बाहेरची भिंत आणि बाथरूमला लागून असलेली भिंतही सोडा, ठाण्याच्या जुलैत दोन्हीकडे ओल येते. दोन खोल्यांमधली आतली भिंत, पॅसेज किंवा दाराची मागची बाजू उत्तम. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना जुन्या बाटलीच्या बुचाच्या चकत्या लावा म्हणजे मागे हवा खेळती राहील. मोठ्यांसाठी आम्ही फ्रेमचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर धरतो. पण संग्रह त्याचा आहे, तर कापडाचा मध्य त्याच्या डोळ्यांच्या उंचीला घ्या.

एक्क्याऐंशी आणि वीस-पंचवीस मिळून शंभराच्या वर जातात. उरलेले तीनशे एका फाइलमध्ये तशाच पानांत राहू देत. सगळे एकदम भिंतीवर लावायची त्याची इच्छा मी समजू शकते, पण चारशे एकदम लागले की महिन्याभरात कुणी बघत नाही, तोही नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक ओळ बदलायची असं ठरवा. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने असं केलं, आणि पाहुणे आले की ती त्यांना ‘या महिन्याची ओळ’ दाखवायला नेते.

डबलसाठी शेवटचा एक उपाय. तुमच्याकडे लोखंडी कपाट असेल तर तीच तुमची फुकटची पाटी आहे. रबरासारखी वाकणारी चुंबकाची शीट ए-फोर आकारात मिळते, तिची एक बाजू चिकट असते. डबल स्टिकर पाठीसकट त्यावर लावा, कात्रीने आकारात कापा आणि कपाटाच्या दारावर खुशाल ठेवा. दर आठवड्याला जागा बदला, मित्र आले की वाटून टाका. कपाट विकायची वेळ आली तर दोन मिनिटांत सगळे हातात येतात. भावाच्या मुलीला मी हेच करून दिलंय. तिच्या दारावर सध्या मांजरी आहेत, आणि भाऊ घरी असला की त्यांच्या जागा तोच बदलत असतो.

कापड शिवायला टाकण्याआधी नऊही पानं भरून जमिनीवर मांडा आणि मुलाला खुर्चीवर उभं करून वरून बघायला सांगा. कुठला स्टिकर कुणाच्या शेजारी हवा, ते तो लगेच सांगेल. आणि नवरात्राच्या सुमारास, पाऊस ओसरला की, खणांतले सगळे स्टिकर एकदा बाहेर काढून पंख्याखाली तासभर ठेवा, आतून पानं कोरड्या फडक्याने पुसा, मग परत भरा.